साडेआठपर्यंतची मुदत

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. मी तेव्हा हवालदार होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, सर्व्हिस एकोणीस वर्षं. आमची फील्ड वर्कशॉप लडाखमध्ये होती. तिथून मला नाशिकला पाठवलं, ते रजेवर नव्हे, एस्कॉर्ट ड्यूटीवर. माझ्या सेक्शनमधला लान्स नायक गोरख ड्यूटीवर असताना गेला होता. त्याचं पार्थिव देवळा तालुक्यातल्या त्याच्या गावी पोचवायचं होतं. युनिटमध्ये नाशिक जिल्ह्यातले आम्ही दोघंच. मी हरसूलकडचा, तो देवळ्याकडचा. म्हणून ऑर्डरमध्ये माझं नाव आलं. त्याचं आडनाव आणि गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे.

विमान दुपारी उतरलं. पार्थिव देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कॉन्व्हॉय निघणार होता. त्याची सूत्रं असलेल्या कॅप्टन साहेबांनी मला आदल्या दिवशीच पुढे पाठवलं. काम साधं होतं. रस्ता बघायचा, अंत्यसंस्काराची जागा बघायची, गाड्या कुठे उभ्या करायच्या ते ठरवायचं, घरच्यांशी बोलायचं. पहिली तीन कामं मला येत होती. चौथ्याची मला भीती वाटत होती.

गावात पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याबरोबर रस्ता चालून बघितला. स्मशानभूमी नदीच्या पलीकडे. नदीत पाणी नव्हतं, पण वाळू खोल होती आणि चढण अरुंद. आर्मीचा ट्रक तिथून जाणार नाही हे बघताक्षणी कळलं. म्हणजे शेवटचा एक किलोमीटर ट्रॅक्टर-ट्रॉली. गावाने त्याची तयारी केलीच होती. भाड्याने नांगरट करून देणारे युनूसभाई यांनी आपला नवा ट्रॅक्टर धुऊन उभा केला होता. ट्रॉलीला झेंडूच्या माळा लावायचं काम सुरू होतं.

गोरखचे वडील ओट्यावर बसले होते. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. वय साठीच्या पुढचं, अंगावर शाल, डोक्याला मफलर. मी सॅल्यूट केला. त्यांनी हात जोडले. माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, एक सांगायचं व्हतं."

"सांगा."

"तो माझ्या ट्रॅक्टरवर जाईल. दुसऱ्याच्या नाय."

घराच्या बाजूला, कांद्याच्या चाळीला लागून त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट उभा होता. तीसेक वर्षं जुना. रंग उडालेला, सीटवर पोत्याची घडी. दिवाळीपासून जागचा हलला नव्हता. गोरख याच्यावरच चालवायला शिकला होता. भरतीला जाताना अण्णांनी त्याला याच्यावरूनच देवळ्याच्या स्टँडवर सोडलं होतं. हे त्यांनी सांगितलं नाही, युनूसभाईंनी सांगितलं. आपला ट्रॅक्टर सजवलेला असूनही ते म्हणाले, "साहेब, बाप सांगतोय तसं होऊ द्या."

मी बोनेट उघडलं. डिझेल होतं. ऑइल काळं, पण लेव्हलला. रेडिएटरमध्ये साधं पाणी. दिवसभर उन्हात उभा असल्याने इंजिन कोमट होतं. क्लच दाबून सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टर लागला, इंजिन चालू झालं. पाच मिनिटं चालवून बंद केला. कॅप्टन साहेबांना फोनवर रिपोर्ट दिला, "ट्रॅक्टर ओके, सर." ते वाक्य मी घाईने बोललो होतो. एकोणीस वर्षांत इतकं तरी कळायला हवं होतं की संध्याकाळचा ओके पहाटे चालत नाही.

मी शाळेत झोपलो. पाचला उठलो. खोलीत दात वाजत होते. गावातल्या दूध डेअरीच्या भिंतीवरचं थर्मामीटर सहा अंश दाखवत होतं. तुम्ही म्हणाल, लडाखहून आलेल्या माणसाला सहा अंश म्हणजे काय. माणसाला काहीच नाही. पण लडाखमध्ये आमच्या गाड्यांना हीटर असतात, थंडीचं ऑइल असतं, चांगल्या बॅटऱ्या असतात. इथे झिजलेलं इंजिन होतं आणि घट्ट ऑइल.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी सेल्फ मारला. कट असा आवाज आला. पुन्हा मारला. पुन्हा कट. हेडलाईट लावून बघितली. बल्बची तार नुसती लाल झाली.

बॅटरी उतरली होती. मंडपवाला जवळच उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "साहेब, रात्री लाईट गेली व्हती. अंधारात बायामाणसं बसलेली. आम्ही याच्या बॅटरीवर दोन बल्ब लावले."

त्याच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता. गल्लीत तोपर्यंत दोनशे माणसं जमली होती. कोणी शेकोटीपाशी, कोणी भिंतीला टेकून. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. सगळ्यांची नजर ट्रॅक्टरवर आणि माझ्यावर होती. ओढून सुरू करावा, असं कोणीतरी सुचवलं. गल्ली उताराची, माणसांनी भरलेली, आणि ब्रेक निम्मेच लागत होते. मी नाही म्हटलं.

युनूसभाईंनी न सांगता आपला ट्रॅक्टर शेजारी आणून लावला. "माझी बॅटरी घ्या. नवी हाय."

केबल जोडायला सहा पंचवीस झाले. प्लसला प्लस, मायनस बॉडीला. आता इंजिन फिरलं, पण जड. सायलेंसरमधून पांढरा धूर आला आणि थांबला. पंधरा सेकंद सेल्फ, दोन मिनिटं विश्रांती. पुन्हा पंधरा सेकंद. पुन्हा पांढरा धूर. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की थंडीत कॉम्प्रेशन पुरत नाही, हवा तापत नाही. या इंजिनाला हवा गरम करणारा छोटा हीटर होता. तो कधीच जळून गेला होता.

एक जण पेट्रोलमध्ये बुडवलेला बोळा घेऊन आला. "फिल्टरच्या तोंडाला धरा साहेब, लगेच लागतो."

"नको."

"आम्ही नेहमी असंच करतो."

"पिस्टन फुटला तर आज दुसरा चान्स नाही," मी म्हटलं. त्याने बोळा मागे घेतला. पण लोकांत कुजबुज सुरू झाली, तीही मला ऐकू येत होती. मिलिटरीचा मेकॅनिक आहे म्हणे.

चार दिवसांपूर्वी अशाच एका सकाळी मी आणि गोरख एका इंजिनावर वाकलो होतो. ते सारखं डोळ्यांपुढे येत होतं आणि मला ते यायला नको होतं.

मी रेडिएटरमधलं सगळं पाणी काढून टाकलं आणि घरात गरम पाणी मागितलं. दहा मिनिटांत दोन बादल्या आल्या. उकळतं पाणी इंजिनाच्या थंड ब्लॉकमध्ये ओतायचं नसतं, तडा जातो. हाताला जेमतेम सोसेल इतकं करून रेडिएटरमध्ये भरलं. पाच मिनिटांनी काढलं, दुसरं भरलं. गोणपाट गरम पाण्यात भिजवून डिझेल पंपावर आणि हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डवर गुंडाळले. तिसरी बादली घेऊन आल्या त्या गोरखच्या आई होत्या. कोणीतरी त्यांच्या हातातून बादली घ्यायला गेलं, तर त्यांनी दिली नाही. स्वतः ट्रॅक्टरपाशी आणून ठेवली.

"चालू व्हयना का?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"होईल, आई."

त्या मान हलवून आत गेल्या. मला वाटलं, आपण फार मोठा शब्द देऊन बसलो.

सात पस्तीसला सेल्फ मारला. इंजिनाने दोन ठोके दिले. धूर काळा झाला. लोक पुढे सरकले. तिसरा ठोका आला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सेल्फ मारला तर नुसतंच फिरायला लागलं, धूरही येईना. डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरली होती. डिझेल फिल्टरचा नट ढिला करून हँड पंपाने हवा काढली. बुडबुडे थांबायला पाच मिनिटं लागली.

सात पंचेचाळीसला फोन वाजला. कॅप्टन साहेब.

"चांदवड क्रॉस किया. ट्रॅक्टर स्टेटस?"

"नॉट येट, सर."

"प्रॉब्लेम क्या है?"

"बॅटरी डाउन थी, सर. अब इंजिन ठंडा है. काम चालू है."

"हवालदार, रास्ते में हर गाँव में लोग खड़े हैं. मैं बॉडी को नदी पर खड़ा नहीं रख सकता. साढ़े आठ तक. उसके बाद दूसरा ट्रॅक्टर."

"राइट, सर."

साहेबांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मी अण्णांना सांगितलं, साडेआठपर्यंतच. त्यांनी युनूसभाईंच्या सजवलेल्या ट्रॉलीकडे एकदा बघितलं.

एकच गोष्ट राहिली होती. थंडीत ऑइल काकवीसारखं होतं. इंजिनाची निम्मी ताकद ते ढवळण्यात जात होती. मी खालचा ऑइल चेंबरचा नट खोलला आणि सगळं ऑइल एका पातेल्यात काढलं. ते सुतळीसारखं पडत होतं. पडेपर्यंत दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर अर्ध्या मिनिटाला बघत होतो. एकदा ऑइल काढलं की मागे फिरायला जागा नव्हती. सांडलं, पेटलं, काहीही झालं, तर विषय संपला.

अंगणात तीन दगडांची चूल होती. पातेलं तिच्यावर ठेवलं. जाळ बारीक. मी काठीने ऑइल ढवळत होतो. अण्णा समोर येऊन उकिडवे बसले आणि काटक्या आत सारायला लागले. आम्ही दोघंच होतो. लोक ट्रॅक्टरपाशी थांबले होते.

"तिकडं तुमच्या गाड्या कशा चालू करता?" त्यांनी विचारलं.

"अशाच. थोडी सामग्री जास्त असते."

"त्या दिवशी तुम्ही तिथं व्हता का?"

हाच प्रश्न येणार म्हणून मी विमानात झोपलो नव्हतो. अधिकृत उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते मी दिलं नाही.

मी सांगितलं, "होतो. पहाटे मेसेज आला. रेशनचा ट्रक घाटात अडकला होता, आत दोन माणसं. रात्रभर तिथेच होती. आमची रिकव्हरी गाडी पाठवायची होती आणि ती थंडीने लागत नव्हती. मी आणि गोरखने पन्नास मिनिटं खटपट केली. शेवटी त्याने एअर काढली, मी सेल्फ मारला. लागली. तो म्हणाला, उस्ताद, झालं काम. आणि क्रूबरोबर गेला. त्याची ड्यूटी होती. माझी वर्कशॉपमध्ये."

अण्णा काटकी हातात धरून बसले होते.

"दोघांना त्यांनी बाहेर काढलं. गाडीत बसवलं. परत फिरताना गाडी मागे घ्यायची होती. गोरख खाली उतरून ड्रायव्हरला इशारा देत होता. बर्फाखाली रस्त्याची कड पोकळ होती. ती कोसळली."

मी म्हटलं, "अण्णा, ती गाडी लागली नसती तर तो गेला नसता. चार दिवस माझ्या डोक्यात हेच आहे."

हे मी तोपर्यंत कोणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही.

त्यांनी काटकी चुलीत सारली. मग विचारलं, "ते दोघं कुठले?"

"एक बिहारचा. एक साताऱ्याचा."

"लेकरं हायेत का त्यांना?"

"साताऱ्यावाल्याला मुलगी आहे. दोन वर्षांची."

"हातपाय शाबूत हायेत?"

"बोटांना बर्फ लागलाय. पण वाचतील म्हणाले डॉक्टर."

अण्णांनी मफलरने तोंड पुसलं. "मग लागली ते बरं झालं," ते म्हणाले. आणि पातेल्याकडे बोट दाखवून, "वाफ येती. उतरवायचं का?"

आम्ही दोघांनी गोणपाटाने धरून पातेलं उतरवलं. नट घट्ट केला. फडक्यातून गाळून गरम ऑइल परत भरलं. एका थेंबाचंही नुकसान नको म्हणून युनूसभाईंनी नरसाळं दोन्ही हातांनी धरलं होतं. रेडिएटरमध्ये शेवटची गरम बादली ओतली. केबल तपासल्या.

आठ वीस झाले होते. मी बाजूला झालो आणि अण्णांना म्हणालो, "तुम्ही मारा. तुम्हाला याचा हात माहीत आहे."

"लागंल का?"

"क्लच पूर्ण दाबा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

ते चढून बसले. त्यांनी चावी फिरवली. इंजिन फिरायला लागलं, या वेळी हलकं. एक ठोका आला. दोन. मी बोट वर धरून होतो. सात सेकंद, आठ, नऊ. काळा धूर सुटला, ठोके एकमेकांना जुळले आणि ट्रॅक्टर लागला. सगळं अंग हलवत, खडखडत, पण लागला. मी हाताने ॲक्सिलरेटर थोडा वर ठेवला. ऑइलचा काटा वर आला. मंडपवाला रडत होता. युनूसभाईंनी आपल्या ट्रॉलीवरच्या माळा सोडवून या ट्रॉलीवर बांधायला सुरुवात केली. दहा जण मदतीला धावले.

मी फोन लावला. "ट्रॅक्टर स्टार्ट, सर. झिरो एट टू वन."

"शाबाश. बंद मत करना."

"नहीं करूँगा, सर."

कॉन्व्हॉय आठ पन्नासला नदीवर आला, तोवर आम्ही ट्रॅक्टर तिथे नेऊन उभा केला होता. सहा जवानांनी तिरंग्यातली पेटी ट्रकमधून ट्रॉलीत ठेवली. अण्णांनी ट्रॅक्टर चालवला. मी मडगार्डवर बसलो, एक डोळा ऑइलच्या काट्यावर. वाळूत इंजिन दोनदा दबलं. दोन्ही वेळा मला वाटलं, गेलं. अण्णांनी खालचा गिअर टाकून ते सांभाळलं. एक किलोमीटरला बावीस मिनिटं लागली. दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, आणि कांद्याच्या रानात बाया कामं थांबवून उभ्या होत्या.

स्मशानभूमीत गार्ड तयार होता. कॅप्टन साहेब माझ्याजवळ आले. "इंजिन ऑफ?"

"सर, बंद किया तो दोबारा शायद न लगे. इनको घर भी जाना है."

साहेबांनी अण्णांकडे बघितलं. ते पेटीपाशी उभे होते. "चलने दो," साहेब म्हणाले.

त्यामुळे सलामी शस्त्र झालं, हवेत गोळ्या झाल्या, बिगुल वाजला, आणि या सगळ्यात ट्रॅक्टर मागे संथ चालू होता. मी पुष्कळ लष्करी अंत्यसंस्कार बघितले आहेत. नियमाने तिथे कोणताही आवाज नको असतो. त्या दिवशी तो आवाज कोणाला खटकला नाही. घडी केलेला तिरंगा साहेबांनी आईंच्या हातात दिला. अग्नी गोरखच्या धाकट्या भावाने दिला.

परतताना अण्णांनीच चालवलं. घरापाशी आल्यावर ट्रॅक्टर जागेवर लावला आणि तसेच सीटवर बसून राहिले. इंजिन चालूच. पंधरा-वीस मिनिटं. कोणी त्यांना उतरा म्हटलं नाही. मग त्यांनी बंद करायचा खटका ओढला आणि खाली उतरले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवून जा." मी जेवलो. दुपारी तीनला कॉन्व्हॉय परत निघाला.

मी पुढे चार वर्षांनी नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो. आता नाशिकला द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपमध्ये काम बघतो. गाड्या डिझेलच्याच, पण पहाटे चालू करताना कोणाचा जीव टांगणीला लागत नाही. तरी थंडी पडली की मला लवकर जाग येते.

हिवाळ्यात साधारण सातच्या सुमाराला अण्णांचा फोन येतो. ट्रॅक्टर त्यांनी विकला नाही. नवी बॅटरी घातली, हीटर बसवून घेतला. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवतात.

"लागला," ते म्हणतात.

"कितव्या सेल्फला?"

"दुसऱ्या."

त्यानंतर ट्रॅक्टरचा विषय संपतो आणि आम्ही गोरखबद्दल बोलतो. तो डावखुरा होता, पाना नेहमी उलट्या बाजूने लावायचा आणि तरी माझ्याआधी नट काढायचा. चहात चार चमचे साखर घालायचा. मेसमधल्या कांद्याला त्याने कधी चांगलं म्हटलं नाही. अण्णांकडे त्याच्या लहानपणच्या गोष्टी आहेत, माझ्याकडे सहा वर्षांच्या नोकरीतल्या. त्यांना न माहीत असलेला गोरख मी सांगतो, मला न माहीत असलेला ते सांगतात. अजून संपलेला नाही.